बुडीत खात्यातली माणसं

(शहागंजात ठेवीदारांच्या बैठकीत केलेलं भाषण. एका पोरानं मोबाइलवर धरून ठेवलं होतं, त्यावरून उतरवलं. बोलताना फारच तुटलं होतं तिथं सांधलं, बाकी तसंच ठेवलं.)

मायबहिणींनो, चाचालोक, आणि मागं हातगाड्यांना टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या वयाच्या पोरांनो,

मला बोलावलं ते मी कविता करतो म्हणून. आज कविता म्हणणार नाही. ज्याचा पैसा अडकलाय त्याच्यापुढं कविता म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला सुपारी देणं. मी मुंबईच्या गोदीत ओझं उचलतो. शिक्षण मॅट्रिक. बँकेचं शास्त्र मला कुणी शिकवलं नाही. पण माझ्या मायचे १ लाख ८६ हजार रुपये इथल्या एका पतसंस्थेत अडकले, तेव्हापासून सुट्टी टाकटाकून येतोय, कागद वाचतोय, रांगेत उभा राहतोय. त्यातून जे हाती लागलं तेवढं सांगतो. त्या पतसंस्थेचं नाव घेत नाही. नाव घेतलं की तुम्ही निम्मे म्हणाल, आमची दुसरी होती. कुलूप सगळ्यांचं एकाच कंपनीचं आहे, बाबांनो.

आणखी एक. काल रात्री आपल्यातल्या काही पोरांनी ठरवलंय म्हणे, एजंट पोरीच्या घरावर जायचं. दार फोडायचं, टीव्ही-फ्रीज उचलून आणायचा. त्याच्यासाठीच मी आज रात्रीची गाडी सोडून थांबलोय. त्यावर बोलतो. आधी हिशेब.

माझी माय मोंढ्यात मिरच्यांचे देठ खुडते. संध्याकाळी हाताची आग होते म्हणून भाकरी दुसऱ्यानं थापावी लागते. ती रोज ५० रुपये द्यायची. कधी ३०, कधी २०, आजारी पडली तर काहीच नाही. एजंट पोरगी दारात यायची, हातातल्या मशीनमधून चिठ्ठी निघायची, माय ती पिठाच्या डब्यात ठेवायची. वर्ष भरलं की त्याची ठेवपावती व्हायची. मी गोदीतून पाठवायचो तेही त्यातच जायचं. पत्रे काढून स्लॅब टाकायचा होता. हे काही थोर नाही. ह्या मैदानात बसलेल्या प्रत्येक बाईचं हेच आहे, कुणाचा स्लॅब, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाच्या नवऱ्याचं डायलिसिस. कालच चमनपाशी एक फळवाले चाचा मला म्हणाले, “पैसा गया सो गया बेटा, नींद भी साथ लेके गया.”

आता शहाणे लोक काय म्हणतात? लोभ नडला. जास्त व्याजाला भुलले. पेपरात येतं, टीव्हीवर कोट घातलेला माणूस येऊन सांगतो, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा मास्तरही सांगतो. मी म्हणतो, पेन्शनवाला एखादा व्याजाला भुलला असेल, त्याचंही काही चुकलं असं मी मानत नाही, कारण औषधांचे भाव त्यानं ठरवले नव्हते. पण मिरच्यांचे देठ खुडणारी बाई व्याजाला भुलली? तिला व्याजाचा दर विचारा, सांगता येणार नाही. तिला विचारा, तिथंच का ठेवलेस? ती सांगेल, पोरगी दारात यायची म्हणून.

ही सगळी गोष्ट ह्या एका वाक्यात आहे. १९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारनं ताब्यात घेतल्या. बँक गरिबाच्या दारात जाणार म्हणून तेव्हा देश नाचला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधनची खाती निघाली. खातं निघालं, पासबुक आलं. बँक मात्र दारात आली नाही. ५० रुपये भरायला माय बँकेत गेली तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. स्लिप भरता येत नाही, मग भरून देणाऱ्याला चहा पाजा. काउंटरवरचा साहेब म्हणणार, एवढ्यासाठी कशाला येता, महिन्यानं या. महिन्यानं? महिनाभर ५०-५० रुपये पत्र्याच्या घरात टिकतात का? दारू पिणारा नवरा आहे, उंदीर आहेत, उसने मागणारा दीर आहे. पैसा साठवायचा तर आधी तो घरातून बाहेर काढावा लागतो, हे गरिबाचं अर्थशास्त्र आहे आणि ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

हे आधी ओळखलं ते उडुपीच्या लोकांनी. १९२८ साली तिथल्या सिंडिकेट बँकेनं, तेव्हा तिचं नाव लांबलचक वेगळं होतं, दारोदार माणूस पाठवून रोज दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. त्या ठेवीला नाव दिलं पिग्मी. म्हणजे बुटकी, छोटी. तोच शब्द आजही आपल्या गल्लीत चालतो, ‘पिग्मीवाली आली’. बँकांनी छोटा माणूस सोडून दिला, आणि पतसंस्थांनी तो उचलला. आणि उचलला तो असा उचलला की पुन्हा खाली ठेवलाच नाही, थेट खड्ड्यात टाकला.

ह्या शहराचं २०२३ साल आठवा. २४ फेब्रुवारीला केंद्रानं शहराच्या नव्या नावाला मंजुरी दिली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. कुणी फटाके वाजवले, कुणी निषेध केला, शहर दोन बाजूंना फाटून नावावर भांडत होतं. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेनं इथल्या आदर्श महिला नागरी सहकारी बँकेवर निर्बंध टाकले, ठेवीदारांना पैसे काढायला बंदी. नावाची बातमी पहिल्या पानावर आली. जुलैमध्ये आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेवर सिडको पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, आकडा २०० कोटींच्या घरात. अध्यक्षाला अटक झाली, ठेवीदारांचे मोर्चे निघाले. ऑगस्टच्या शेवटी अजंठा अर्बन बँकेवर निर्बंध आले, मग ९७ कोटींच्या अपहाराचा गुन्हा. तोवर बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांपुढं रांगा लागायला लागल्या होत्या. ईडीच्या म्हणण्याप्रमाणं ज्ञानराधाचे ठेवीदार ४ लाखांच्या आसपास आहेत. चार लाख! चार लाख माणसं म्हणजे एक आख्खं शहर, आणि ते शहर पावत्या हातात धरून मराठवाडाभर हिंडतंय.

ह्या रांगांत मी काय पाहिलं सांगू? टोपी, टिळा, निळा रुमाल, बुरखा, डोक्यावरचा पदर, सगळं एका रांगेत. नावाच्या भांडणात जे एकमेकांवर गुरकावत होते ते एकाच झेरॉक्सवाल्याकडं नंबर लावून उभे होते.

आता नीट ऐका, कारण इथं आपल्याला फसवलं गेलंय आणि ते कायद्याच्या भाषेत फसवलं गेलंय. बँक बुडाली आणि पतसंस्था बुडाली, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१९६० साली आपल्याच महाराष्ट्रातली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलई सेंट्रल बँक बुडाली. इतकी बोंब झाली की १९६१ साली सरकारला ठेवींच्या विम्याचा कायदा करावा लागला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण होतं १,५०० रुपयांचं. वाढत वाढत १९९३ ला १ लाख झालं आणि तिथं २७ वर्षं तसंच अडकून पडलं. मग सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईची पंजाब महाराष्ट्र बँक, म्हणजे पीएमसी, कोसळली. लोक रस्त्यावर आले, आणि ४ फेब्रुवारी २०२० ला मर्यादा ५ लाख झाली. लक्षात घ्या, कुठलाच आकडा साहेबाला रात्री स्वप्न पडलं म्हणून वाढला नाही. २०२१ साली कायद्यात आणखी बदल झाला. बँकेवर निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे. म्हणून अजंठा बँकेचा परवाना एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाला तेव्हा रिझर्व्ह बँक सांगू शकली की शंभरातल्या ९१ हून जास्त ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम विम्यातून मिळण्याचा हक्क आहे.

आणि पतसंस्था? तिला रिझर्व्ह बँकेचा परवानाच नाही. परवाना नाही म्हणून विमा नाही. मल्टिस्टेटलाही नाही. ५ लाख सोडा, ५ रुपयेसुद्धा नाहीत. काउंटर तसंच, काचेची खिडकी तशीच, पासबुक तसंच, सफारी घातलेला मॅनेजरही तसाच. फक्त पाटीवर ‘बँक’ हा शब्द नाही, कारण तो लिहायला कायद्यानं बंदी आहे. आता सांगा, जिला अक्षर वाचता येत नाही त्या बाईला एका न लिहिलेल्या शब्दावरून समजायचं होतं की इथं आपला पैसा उघड्यावर आहे! दारावर ‘ऑडिट वर्ग अ’ अशी पाटी होती. ती पाटी आमच्या मायच्या पतसंस्थेतही होती. कुलूप लागलं त्या दिवशीही ती लटकत होती.

आणखी मजा ऐका. पतसंस्थेनं ठेव घ्यायची तर सभासदाचीच. म्हणून तुमच्या नावानं शेअरची पावती फाडली. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही गिऱ्हाईक नाही, तुम्ही मालक! दरवर्षी सर्वसाधारण सभेला बोलावलं, चिवडा दिला, एखाद्या वर्षी स्टीलचा डबा दिला, आणि हजेरीच्या वहीत सही घेतली. त्या सहीवर कोटीकोटीची कर्जं मंजूर झाली. कर्ज कुणाला? अध्यक्षाच्या साडूला, भाच्याला, त्याच्या ड्रायव्हरला, कधी नुसत्या नावाला. गहाण काय? कागद. माझ्या मायला त्याच पतसंस्थेनं १० हजारांच्या कर्जासाठी दोन जामीनदार मागितले होते. हमाल चालत नाही म्हणाले, नोकरीवाला आणा. मालक ती, आणि जामीनदार आणायचा तिनं!

आम्ही गोदीत काम करतो तिथं टॅली असते. एक पोतं कमी भरलं तर सगळी टोळी थांबवतात, पोतं सापडेपर्यंत पाणी प्यायलाही जाऊ देत नाहीत. गेटवर डबा उघडून दाखवावा लागतो. आणि मुंबईत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतून १२२ कोटी रुपये नाहीसे झाल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये बाहेर आलं. अपहाराचा आरोप बँकेच्याच मोठ्या साहेबावर. ही बँक कोणाची ठाऊक आहे? १९६८ साली जॉर्ज फर्नांडिस यांनी कामगारांसाठी काढलेली. तेव्हा तिचं नाव होतं बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक. पुढं नावातला लेबर गेला, आणि शेवटी तिजोरीतला पैसाही गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली, ठेवीदारांचा जीव भांड्यात पडला. पण १२२ कोटींच्या गेटवर डबा कुणी उघडून बघितला नव्हता, हे आम्हा गोदीवाल्यांना विसरता येत नाही.

आता सरकारचं मन बघा कुठं लवकर द्रवतं. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले. स्टेट बँकेला पुढं करून पैसा ओतला आणि १८ मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवस. आपल्याकडं माणूस मेल्यावर तेराव्याला जेवण घालतात, इथं तेराव्याला मेलेलं उठून बसलं. पीएमसी बुडाली तेव्हा पहिल्या दिवशी सांगितलं, सहा महिन्यांत मिळून १,००० रुपये काढा. टॅक्सीवाले, विधवा, म्हातारे रिझर्व्ह बँकेच्या दारात रडले. ती दुसऱ्या बँकेत मिसळली २५ जानेवारी २०२२ ला. अठ्ठावीस महिने. आणि मोठ्या ठेवीदारांना उरलेला पैसा दहा वर्षांत हप्त्याहप्त्यानं. अमेरिकेचं घ्या. मार्च २०२३ मध्ये तिथं सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. तिथले ठेवीदार म्हणजे कंपन्यांचे मालक. शुक्रवारी बँक बंद, रविवारी सरकारनं सांगितलं विम्याच्या वरचेसुद्धा सगळे पैसे देऊ, सोमवारी पैसे हातात. त्याच वर्षी जुलैपासून आदर्श पतसंस्थेचे ठेवीदार मोर्चे काढतायत. ठेवीदार कोण आहे ह्यावर पैसा परत यायचा वेग ठरतो. ह्या देशात तो ठरवणारी आणखी एक गोष्ट असते, ती मी सांगायला नको, तुम्ही जन्मापासून ओळखता.

ठीक. आता पैसा गेला कुठं?

‘पैसा बुडाला’ असं आपण म्हणतो. हा शब्द लबाड आहे. पाण्यात दगड बुडतो, पैसा नाही. मी जिथं ओझं उचलतो त्या जमिनीची कहाणी सांगतो, दोन मिनिटं द्या. १८६० नंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेठ लोकांनी बँका काढल्या, समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या काढल्या, शेअर आभाळाला भिडले. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. त्या वेळच्या कंपन्यांतली एक एल्फिन्स्टन कंपनी. तिनं समुद्रात भर घालून केलेली जमीन १८७० ला सरकारनं घेतली, मग पोर्ट ट्रस्ट झालं, आणि त्याच जमिनीवर १८८० साली प्रिन्सेस गोदी झाली. आता ती गोदीही बुजवलीय, मी शेजारच्या इंदिरा गोदीत असतो. शेअरवाले मेले, कागद कुजले, जमीन अजून आहे. दीडशे वर्षं झाली, तिच्यावर अजून पैसा निघतोय.

आपल्या पैशाचंही तेच झालंय. तो प्लॉट झाला, कारखाना झाला, मंगल कार्यालय झाला, बायकोच्या नावाची शेती झाला. तो कुठं तरी उभा आहे. आणि तो शोधून काढायला कायदाही आहे. १९९९ सालचा, महाराष्ट्रातल्या ठेवीदारांच्या हितरक्षणाचा. पोलिसांच्या तोंडी त्याचं नाव एमपीआयडी. ह्या कायद्यानं मालमत्ता जप्त होते, तिच्यावर सक्षम प्राधिकारी म्हणून महसूल खात्याचा अधिकारी नेमतात, विशेष कोर्टाच्या हुकमानं लिलाव होतो आणि पैसा ठेवीदारांत वाटतात. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात लिलाव वर्षानुवर्षं लांबतो, बोली लावायला कुणी पुढं येत नाही, कारण प्लॉट कुणाचा आहे ते सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि उद्या तोच आमदार व्हायचा असतो. म्हणून मागं लागावं लागतं. जप्तीच्या यादीत कुठले गट नंबर आले, कुठले राहिले, हे आपण बघायचं. ज्यानं त्या प्लॉटवर विटा वाहिल्या तो हमाल इथं बसलेला असेल, त्याला ठाऊक आहे बंगला कोणाचा.

आणि आता जे सांगतो ते गाठ बांधून ठेवा. आपल्या वस्तीत दोन माणसं फिरतायत. म्हणतात, तुमची पावती द्या, लाखाला तीस हजार रोख देतो, नाहीतर तुम्हाला काहीच मिळायचं नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेटमध्ये काय झालं ते ऐका. ती २०१५ च्या सुमाराला कोसळली. पुढं तिच्यावर अवसायक नेमला. २०२० मध्ये पुण्याच्या पोलिसांनी जो तपास सुरू केला त्यात आरोप असा, की मोठ्या कर्जदारांनी गरीब ठेवीदारांच्या पावत्या कवडीमोल भावात गोळा केल्या आणि आपल्या कर्जात त्या पुऱ्या किमतीला वळत्या करून घेतल्या. समजलं का? तुमची लाखाची पावती तुम्ही तिसाला विकली, आणि ज्यानं पतसंस्था बुडवली त्याचं लाखाचं कर्ज त्या पावतीनं फिटलं. त्याची जमीन जप्तीतून सुटली. म्हणजे तुमच्याच हातानं चोराच्या घराचं कुलूप उघडलं. अडलेल्या माणसाला तीस हजार दिसतात, मला माहीत आहे. दवाखान्याचं बिल आहे, फी आहे. ज्याचं अगदीच अडलंय त्यानं आधी इथं येऊन सांगावं, आपण वर्गणी काढू. पण पावती विकायची नाही.

आता त्या पोरीचं बोलू.

ती आपल्याच गल्लीतली. बी.ए. झाली, दोन वर्षं नोकरी शोधली, मिळाली नाही, म्हणून पिग्मीचं मशीन गळ्यात घातलं. तिला मिळायचं ते कमिशन, पगार नाही. एजंट व्हायला तिच्याकडून अनामत घेतली होती, तीही आत अडकली. तिच्या मामाचे पैसे आत, आजीचे आत. कुलूप लागल्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिनं गोळा केलं आणि संध्याकाळी जाऊन भरलं, त्याच्या चिठ्ठ्या आहेत. गेले तीन महिने ती बाहेर पडत नाही. तिची आई नळावर पहाटे चारला येते, लोकांचं तोंड चुकवायला. परवा कुणीतरी तिच्या दारावर शेण फेकलं.

“तिनंच तर भरवसा दिला!” कोण म्हणालं? बरोबर आहे भाऊ, तिनंच दिला. संचालक मंडळातला एक तरी माणूस ह्या गल्लीत कधी आला होता? त्यांना भरवसा द्यायची गरजच नव्हती, त्यांनी तिचा वापरला. आपला भरवसा आपल्याच पोरीच्या तोंडून मागवून घेतला. गावकुसाबाहेर काम करायचं असलं की पाटील स्वतः येत नसायचा, आपल्यातल्याच एकाला पाठवायचा, हे आपल्या आज्या सांगायच्या. फ्रीज उचलून आणाल. सेकंडहँड फ्रीजचे येतील चार हजार. ठेवीदार आहेत गल्लीत साठ. काढा हिशेब.

आणि नुसत्या दयेचं बोलत नाही मी. कामाचं सांगतो. पिठाच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांवरची शाई उडते. त्या मशीनच्या कागदावरचं अक्षर वर्षाभरात पांढरं होतं, माझ्या मायच्या निम्म्या चिठ्ठ्या आता कोऱ्या आहेत. कितीजणींचं पासबुक भरून दिलेलं आहे? हात वर करा. बघा, दहा-बारा हात. बाकीच्यांनी दावा कशावर करायचा? त्या पोरीकडं वही आहे. रोजची, तारखेवार, कोणाकडून किती, तिच्या हातानं लिहिलेली. मी स्वतः बघितलीय. पतसंस्थेच्या संगणकात काय राहिलंय आणि काय पुसलंय ते देव जाणे, पण त्या वहीत माझ्या मायचे वीस रुपयेसुद्धा आहेत, ती आजारी होती त्या दिवसाची रेघसुद्धा आहे. तुम्ही दार फोडलं, वह्या फाटल्या, की सगळ्यात जास्त आनंद कोणाला होईल? जो सफारीवाला जामिनासाठी वकील शोधत फिरतोय त्याला. उद्या कोर्टात तोच म्हणेल, ह्या बायांनी पैसे भरले ह्याला पुरावा काय?

म्हणून तिच्या घरावर जायचं आहेच. पण चार बायांनी जायचं, माझी माय त्यात असेल, आणि तिला हाताला धरून इथं आणायचं. खाला, तुम्हीही चला, तुमचं ऐकेल ती. वहीसकट आणायचं.

मग काम असं. रविवारी सकाळी नऊला इथंच, घड्याळाच्या मनोऱ्याखाली. ठेवपावती, पासबुक, चिठ्ठ्या, आधार कार्ड, शेअरची पावती, जे असेल ते आणा. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही, माझ्यासुद्धा नाही. झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये घेतो, आपल्यासाठी एक करतो म्हणालाय. ज्या पोरांना काल दार फोडायचं होतं त्यांनी टेबलं लावायची आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहायचे, नीट अक्षरात. प्रत्येक चिठ्ठी त्या पोरीच्या वहीशी ताडून बघायची, आणि जुळली की तिची सही घ्यायची. सोमवारी अकरा वाजता सगळे अर्ज एका गठ्ठ्यात आर्थिक गुन्हे शाखेत, एक प्रत सक्षम प्राधिकाऱ्याकडं, एक सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं. तिन्ही ठिकाणी पोच घ्यायची. शिक्का नसलेली पोच घेऊन कुणी परत यायचं नाही. मंगळवारी मला बोट लागलीय, मी नसेन. गठ्ठा कोण सांभाळणार ते आत्ताच ठरवा. बाई असावी. आणि बॉलपेन घरून आणा, मागच्या वेळी तीनच होते.